बोटभर ढील

गेल्या वर्षी मार्गशीर्षात वैभववाडीहून कोल्हापूरला परतत होते. मागच्या सीटवर आई, डिकीत नव्या तांदळाचं पोतं. करूळ घाटाच्या मधल्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिनाचा आवाज चढला, गाडी मात्र होती त्याच वेगाने रांगत राहिली. पुढच्या वळणावर आत वास आला, करपलेल्या रबरासारखा. आईने विचारलं, "कुणी टायर जाळतंय का गं?" कुणी टायर जाळत नव्हतं. आमच्या गाडीचा क्लच घसरत होता.

गाडी जुनी, छोटी, केबलच्या क्लचची. महिनाभर आधीपासून तिला एक आवाज लागला होता. सिग्नलला उभी असताना पुढून बारीक खरखर यायची आणि क्लच दाबला की ती वाढायची. एका गॅरेजात दाखवली, तर गाडीत न बसताच निदान झालं: क्लच गेला, पूर्ण सेट टाका, दोन दिवस गाडी ठेवा. दोन दिवस नव्हते म्हणून ते काम राहिलं, आणि मग हा घाट आला. गगनबावड्याच्या माथ्यावर अर्धा तास थांबलो, इंजिन थंड होऊ दिलं आणि अगदी सावकाश घरी पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी उद्यमनगरातल्या एका गल्लीचा पत्ता दिला. ज्यांच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला ते मिस्त्री मला तिथे भेटले. त्यांना नाव छापून यायला नको आहे, म्हणून इथेही ते मिस्त्रीच.

"बंद करू नका, बोलू द्या तिला"

गॅरेज म्हणजे पत्र्याची एक शेड, दारात एक खड्डा, भिंतीवर टांगलेले पाने. गाडी आत घेतली आणि सवयीने किल्ली फिरवायला गेले, तोच मिस्त्रींनी हात वर केला. "ताई, बंद करू नका. चालू ऱ्हाऊ दे. ती बोलतीय तवर ऐकून घेऊ."

मी सांगू लागले, आवाज असा असा येतो, खरखर म्हणावी की किरकिर. त्यांनी मला मध्येच थांबवलं. "आवाज कसला येतोय ते नंतर बघू. कवा येतोय, ते आधी सांगा."

हा एक प्रश्न मी त्या दिवसापासून मनात बाळगून आहे. आपली भाषा आवाजांच्या बाबतीत फार श्रीमंत आहे. घरघर, खरखर, करकर, कुरकुर, खडखड, थरथर, प्रत्येकाला वेगळा शब्द. पण दोन माणसांची खरखर एक नसते आणि लोखंडी आवरणाच्या आतून येणारा आवाज बाहेर पोहोचेपर्यंत बदललेला असतो. 'कधी' मात्र बदलत नाही. पाय पेडलवर ठेवला तेव्हा, की काढला तेव्हा? गाडी गिअरमध्ये असताना, की न्यूट्रलला? क्लचचा प्रत्येक भाग ठरावीक वेळीच फिरतो आणि ठरावीक वेळीच थांबतो. म्हणून आवाजाची वेळ कळली की भाग कळतो.

दोन तळवे आणि एक भाकरी

हे समजायला आधी आत काय आहे ते पाहावं लागतं. मिस्त्रींनी कोपऱ्यातला एक निकामी सेट उचलून बाकावर मांडला.

भाकरी थापताना ती दोन तळव्यांमध्ये धरतो, तसं चित्र डोळ्यांपुढे आणा. एक तळवा म्हणजे इंजिनाचं फ्लायव्हील. दुसरा तळवा म्हणजे प्रेशर प्लेट, जी फ्लायव्हीललाच बोल्टने जोडलेली असते. मधली भाकरी म्हणजे क्लच प्लेट, दोन्ही अंगांना घर्षणाचं अस्तर लावलेली. ही भाकरी गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर बसलेली असते. तळव्यांनी घट्ट धरली की इंजिनाबरोबर गिअरबॉक्स फिरतो. तळवे सैल झाले की इंजिन फिरत राहतं आणि शाफ्ट मोकळा होतो. तेवढ्या वेळात आपण गिअर बदलतो.

तळवे घट्ट धरायचं काम करते डायफ्राम स्प्रिंग. पोलादाची खोलगट ताटली, आणि तिच्या मध्याकडे फुलाच्या पाकळ्यांसारखी आलेली बोटं. पेडल दाबलं की केबल ओढली जाते, केबल एक लिव्हर ओढते, लिव्हर आतला फोर्क फिरवतो आणि फोर्क रिलीज बेअरिंगला या बोटांवर टेकवून दाबतो. मधली बोटं आत गेली की ताटलीची कड उचलते, तराजूचं एक पारडं खाली जाताना दुसरं वर येतं तशी. तळवे सैल.

रिलीज बेअरिंगची जागा मोठी अवघड आहे. एका बाजूला मिनिटाला हजारो फेरे घेणारी स्प्रिंग, दुसऱ्या बाजूला अजिबात न फिरणारा फोर्क. या दोघांमधला सगळा दाब ते सोसतं. आपण पेडल दाबू तेवढ्याच वेळापुरतं ते कामाला लागावं, या हिशेबाने जुन्या केबलच्या गाड्यांतलं बेअरिंग बनवलेलं असतं. उरलेला वेळ त्याने बोटांपासून किंचित दूर, निवांत बसायचं असतं.

पाच प्रसंग

मिस्त्रींनी मला ड्रायव्हरच्या जागी बसवलं. स्वतः बॉनेटपाशी उभे राहिले, हातात लांब स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक गिअरबॉक्सच्या आवरणाला टेकवायचं आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची, की आतलं बेअरिंग कानात बोलतं. मी बघायला खाली उतरले तेव्हा पहिलं वाक्य आलं, "ओढणी आधी बांधा. पंखा अन् बेल्ट कुणाची ओळख ठेवत न्हाई."

पहिला प्रसंग इंजिन बंद असतानाचा. पेडल हाताने दाबून सोडायचं. इंजिन बंद असूनही कुरकुर आली, तर क्लचच्या पोटात काही बिघडलेलं नाही. पेडलची कोरडी खीळ, केबल किंवा फोर्कचा टेकू, यांतलं काहीतरी वंगण मागतं आहे. या कुरकुरीपायीही सेट बदलल्याचं मिस्त्रींनी पाहिलं आहे.

दुसरा प्रसंग: इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, पाय पेडलवर नाही. या वेळी भाकरी घट्ट धरलेली असते, म्हणून इनपुट शाफ्ट इंजिनाबरोबर फिरत असतो. आता घरघर येत असेल आणि पेडल पूर्ण दाबल्यावर एक-दोन सेकंदांत शाफ्ट थांबताच ती विरत असेल, तर संशय गिअरबॉक्सच्या आत, इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. तिथे क्लचचा नवा सेट टाकून काहीही साधणार नाही. अशाच वेळी खडखड येत असेल, तर क्लच प्लेटमधल्या धक्का झेलणाऱ्या छोट्या स्प्रिंगाही सैल झालेल्या असू शकतात.

तिसरा: पेडल अगदी सावकाश दाबत न्यायचं. सुरुवातीची ढील संपून पायाला जिथे पहिला विरोध लागतो, नेमका तिथे आवाज सुरू झाला, तर ते रिलीज बेअरिंग. ढील संपणं म्हणजेच बेअरिंग बोटांना टेकणं.

चौथा: गाडी उभी, पेडल तळापर्यंत दाबलेलं, पहिला गिअर टाकलेला. आता शाफ्ट थांबलेला आहे आणि फ्लायव्हील फिरतं आहे. या दोघांच्या मध्ये, फ्लायव्हीलच्या केंद्रात, काही गाड्यांत एक लहान पायलट बेअरिंग असतं. पेडल अर्ध्यावर असताना नसलेला आवाज तळाशी गेल्यावरच येत असेल, तर तिथे पाहायचं. सगळ्या गाड्यांत हे बेअरिंग नसतं, म्हणून आधी गाडीची रचना माहीत हवी.

पाचव्या प्रसंगात आवाजापेक्षा थरथर असते. पहिल्या गिअरमध्ये पेडल सोडताना गाडी अंग झटकते. प्लेटला तेल लागलं असेल किंवा फ्लायव्हीलवर तापून डाग पडले असतील. पण तिथवर जाण्याआधी इंजिनाचे रबरी माउंटिंग पाहावेत. ते फाटले तरी गाडी अशीच थरथरते आणि ते बदलायला गिअरबॉक्स खाली घ्यावा लागत नाही.

एक सावधगिरी मिस्त्री बजावून सांगतात. काही गाड्यांत केबल आपोआप जुळणारी असते, बऱ्याच नव्या गाड्यांत तिच्या जागी तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा असते. तिथे बेअरिंग हलकेच बोटांना टेकलेलं ठेवतात आणि ते सतत फिरण्यासाठीच बनवलेलं असतं. अशा गाडीत पेडलवर पाय नसताना येणारा आवाज पेडलला नुसता स्पर्श करताच थांबला, तर तोही रिलीज बेअरिंगचाच असू शकतो. नियम पाठ करून चालत नाही, आत काय चाललं आहे ते डोळ्यांपुढे आणावं लागतं.

आमच्या गाडीत खरखर पाय नसतानाही होती आणि दाबल्यावर वाढत होती. ढील संपेल तिथे आवाज सुरू व्हायला हवा, पण इथे तो आधीपासूनच चालू. मिस्त्रींनी खाली वाकून पेडलवर दोन बोटं ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. "ढीलच न्हाई हिला. केबल कुणी ओढली?"

रिव्हर्सची करकर

तेव्हा आठवलं. पावसाळ्यात रिव्हर्स टाकताना करकर यायची, म्हणून एका ठिकाणी गाडी दाखवली होती. तिथल्या माणसाने पाना घेऊन केबलचा नट चांगला आवळून दिला होता. करकर कमी झाल्यासारखी वाटली आणि मी समाधानाने घरी आले.

मिस्त्रींनी तो धागा उलगडला. बहुतेक गाड्यांत पुढच्या गिअरांना सिंक्रोनायझर असतो, तो दोन वेगांनी फिरणाऱ्या भागांना आधी एका वेगावर आणतो. रिव्हर्सला बहुधा तो नसतो. म्हणून गाडी पूर्ण थांबवायची, क्लच दाबायचा, दोन-तीन सेकंद शाफ्ट थांबू द्यायचा आणि मग रिव्हर्स टाकायचा. एवढं थांबूनही करकर आली तर क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणजे ढील जास्त आहे, असं म्हणता येतं. मी थांबतच नव्हते. दोष माझ्या घाईचा होता आणि उपाय केबलवर झाला.

आवळलेल्या केबलने बेअरिंग बोटांवर कायमचं टेकवलं. ते रात्रंदिवस फिरू लागलं, म्हणून खरखर. बोटं थोडी दाबलेलीच राहिली, म्हणून तळव्यांची पकड ढिली झाली आणि घाटात प्लेट घसरली. एक आवाज चुकीचा ऐकला गेला आणि त्याने दुसरा आवाज जन्माला घातला.

झिजते प्लेट, हरवते ढील

मला वाटायचं, केबल वापराने लांबते, सैल पडते, म्हणून अधूनमधून आवळावी लागते. केबल थोडी लांबते हे खरं आहे, विशेषतः नवी असताना. पण वर्षानुवर्षं चालणारी मोठी गोष्ट नेमकी उलट दिशेने घडत असते.

तराजू पुन्हा आठवा. प्लेटचं अस्तर झिजलं की भाकरी पातळ होते. तिला धरायला प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते. कड तिकडे गेली की ताटलीची मधली बोटं मागे, बेअरिंगच्या दिशेने येतात. बेअरिंग आणि बोटांमधलं अंतर कमी होतं. गाडी जुनी होत जाते तशी ढील वाढत नाही, संपत जाते. पेडल वरच पकडू लागतं. अशा वेळी केबल आवळायची नसते, सोडायची असते.

पतंग उडवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. वारा ओढतो तेव्हा मांजा ताणून धरला तर तुटतो, ढील दिली तर पतंग तरतो. क्लचमधली ही ढील बेअरिंगपाशी जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची असते. लिव्हर आणि पेडलच्या लांबीमुळे ती पायाशी येईपर्यंत बोटाच्या रुंदीएवढी होते. केबलच्या लहान गाड्यांत पेडलपाशी ती साधारण १५ ते २५ मिलिमीटरच्या घरात ठेवतात. नेमका आकडा गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत असतो आणि तोच प्रमाण मानावा.

पाना माझ्या हातात

"आता तुम्हीच करा," म्हणत मिस्त्रींनी पाना माझ्याकडे दिला. त्यांच्या हाताखालचा पोरगा चाकांमागे लाकडी ठोकळे लावून आला. हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रल, इंजिन बंद आणि थंड.

आधी मोजणी. पायाखालची मॅट काढली, कारण दुमडलेली मॅटही पेडलची चाल खाते. पोलादी पट्टी फरशीवर उभी धरली, पेडल हाताने दाबलं. पायाने दाबायचं नाही, पायाला पहिला विरोध कळत नाही. आमची ढील भरली जेमतेम २ मिलिमीटर.

मग बॉनेट उघडून गिअरबॉक्सपाशी केबलचं टोक शोधलं. आमच्या गाडीत ते लिव्हरमधून बाहेर येतं आणि त्याच्या आट्यांवर जुळवणीचा नट बसतो. आधी तारेच्या ब्रशने आटे साफ केले, तेलाचे दोन थेंब सोडले. केबलचं टोक पकडून धरायचं, ती स्वतःभोवती पिळली जाता कामा नये. मग नट अर्धा फेरा सोडायचा, पेडल चार-पाच वेळा दाबून सगळं जागेवर बसू द्यायचं आणि पुन्हा मोजायचं. ८ मिलिमीटर. आणखी थोडं. १५. आणखी जरासं. २२ वर मिस्त्री म्हणाले, "बास. आता लिव्हर हलवून बघा." लिव्हरच्या टोकाला बोट लावलं, तर ते इकडून तिकडे किंचित हललं. ती हालचाल म्हणजे बेअरिंगला मिळालेला विसावा.

इंजिन चालू केलं. पाय नसताना खरखर गेली होती. पेडल दाबलं तेव्हा ती पुन्हा आली, पूर्वीपेक्षा मंद. मिस्त्रींनी खोटा दिलासा दिला नाही. इतके दिवस अखंड फिरल्याने बेअरिंगमधलं ग्रीस वाळलं होतं; असं बेअरिंग सीलबंद असतं, बाहेरून ग्रीस भरता येत नाही. "हे बेअरिंग उद्या जाणार, की सहा म्हैन्यांनी, सांगता येत न्हाई. आवाज वाढला तर या. तेव्हा मातूर नुसतं बेअरिंग टाकू नका."

यामागे सरळ हिशेब आहे. बेअरिंग बदलायला गिअरबॉक्स खाली घ्यावाच लागतो, खरी मेहनत तिथेच जाते. मग प्लेट आणि प्रेशर प्लेट तशाच ठेवून वर्षाने पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्यात शहाणपण नाही. म्हणजे पहिल्या गॅरेजचं 'पूर्ण सेट' हे उत्तर कधीतरी बरोबर ठरणारच होतं. न ऐकता दिलेलं होतं, एवढीच माझी तक्रार. आणि तेव्हाच सेट टाकून केबल तशीच ताणलेली ठेवली असती, तर नवा सेटही जुन्याच्या वाटेने गेला असता.

शेवटची परीक्षा रस्त्यावर. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला, तर इंजिन आणि वेग बरोबरीने चढले. परत येऊन क्लच दाबला, तीन आकडे मोजले, रिव्हर्स टाकला. करकर नाही.

केबलचं दुखणं

त्या दिवसानंतर मी चार-पाच वेळा त्या शेडमध्ये जाऊन बसले. जुळवणीने सगळंच सुटत नाही, हेही तिथेच दिसलं. ही केबल म्हणजे सायकलच्या ब्रेकमधलीच कल्पना: बाहेरचं न दबणारं वेष्टन आणि आत सरकणारी पोलादी तार. अशा केबलचं पेटंट इंग्लंडमध्ये अर्नेस्ट बाउडन यांनी १८९६ साली घेतलं होतं. आतली तार अनेक बारीक तारांची वळलेली असते आणि त्या एकेक करून तुटतात, बहुधा पेडलच्या आकड्यापाशी, जिथे तार रोज वाकते. पेडल जड किंवा खरबरीत लागलं, मध्येच अडकलं, जुळवलेली ढील आठवड्यात पुन्हा बदलली, तर नटाशी खेळत बसू नये, केबल बदलावी. घाटमाथ्याच्या पावसात आणि कोकणच्या खाऱ्या हवेत तारेला गंज लवकर धरतो. आत नायलॉनचं अस्तर असलेल्या केबलमध्ये जाड ग्रीस भरू नये. ते धूळ धरून ठेवतं आणि केबल आणखी जड होते.

एक गाडी अशी आली होती, जिची क्लच केबल पुन्हा पुन्हा करपत होती. मिस्त्रींनी केबल बाजूला ठेवली आणि इंजिनाची अर्थिंगची पट्टी पाहिली. ती गंजून सुटलेली. स्टार्टर फिरवताना लागणारा प्रचंड करंट बॅटरीकडे परतायला वाट शोधतो. पट्टी तुटली की तो इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या दुसऱ्या धातूतून जातो, आणि क्लचची केबल हा तसाच एक पूल आहे. तार तापते, अस्तर वितळतं, पेडल अडकतं. क्लचचं दुखणं बॅटरीच्या तारेत सापडलं.

शेडमधली शिस्तही सांगायला हवी. उघडलेल्या क्लचमधली धूळ तिथे हवेच्या पाइपने उडवत नाहीत, ओल्या फडक्याने पुसतात. जुन्या प्लेटांच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसाला कायमची इजा करते.

पेडल नसलेल्या गाड्या

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते मालकाला दिली गेली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि केबलचा क्लच. मध्यमवर्गातल्या कितीतरी घरांनी पहिली मोटार तीच घेतली आणि मिस्त्रींच्या पिढीचे कानही तिच्यावरच तयार झाले. तिचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. पुढच्याच महिन्यात त्याच कंपनीची सेलेरिओ आली, क्लचचं पेडल नसलेल्या एएमटी प्रकारासह. त्या गाडीतही प्लेट आहे, प्रेशर प्लेट आहे, बेअरिंग आहे. दाबायचं काम फक्त पायाकडून यंत्राकडे गेलं.

ते चांगलंच झालं, गुडघे दुखणाऱ्या माझ्या आईला कुणी विचारलं तर ती हेच म्हणेल. पण रस्त्यावर केबलच्या गाड्या अजून पुष्कळ आहेत. अनेकांच्या क्लचला अकाली म्हातारपण येतं ते या दोन कारणांनी: हरवलेली ढील आणि पेडलवर विसावलेला पाय. चढावर गाडी अर्ध्या क्लचवर तोलून धरण्याऐवजी हँडब्रेक ओढावा, पाय डावीकडे फरशीवर ठेवावा, महिन्यातून एकदा पट्टी लावून ढील मोजावी. या तिन्ही गोष्टींना पैसा लागत नाही.

निघताना मिस्त्रींनी शेवटचं एक शिकवलं. नटाच्या बाहेर किती आटे डोकावतात ते मोजून ठेवायचं. प्लेट झिजेल तसा नट सोडत टोकाकडे न्यावा लागतो आणि बाहेरचे आटे कमी होत जातात. ते संपत आले की समजायचं, आतली भाकरी पातळ झाली. गिअरबॉक्स न उघडता प्लेटचं आयुष्य बाहेरून वाचायची ही युक्ती.

मेमध्ये आंब्यांसाठी पुन्हा करूळ घाटाने गेलो. येताना चढाला तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला, गाडीने तो घेतला. पेडल दाबल्यावरची मंद खरखर अजून आहे, वाढलेली नाही. माथ्यावर चहाला थांबलो तेव्हा आई म्हणाली, आज टायरचा वास नाही. मी डॅशबोर्डच्या कप्प्यातून पट्टी आणि वही काढली. ढील १९ मिलिमीटर. बाहेर आटे नऊ.